मोहदऱ्याला जायचे दोन रस्ते

दिग्रस,
८ नोव्हेंबर १९५९

ताईस जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून पहिल्या ओळीतच रागावू नकोस, कारण दुसरी ओळ वाचून रागावशीलच. मी फटफटी घेतली आहे.

घेतली म्हणजे उकरून काढली. आमच्या जिनिंगच्या मागे सरकीच्या ढिगाशेजारी लढाईच्या वेळची एक लष्करी फटफटी कित्येक वर्षं पडून होती. शेटजींच्या चिरंजीवांनी ती कापसाच्या बैलबंडीवर नेऊन आदळली होती. बंडीला काही झालं नाही. शेटजी म्हणाले, चालू केलीस तर तुझी, नाहीतर निदान तिथून हलव. सगळा पावसाळा मी तिच्याशी झुंजलो. आता अर्ध्या किकेत सुरू होते आणि बंद कर म्हटल्याशिवाय बंद पडत नाही. मायला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, घरामागे झाकून ठेवलंय ते पाण्याचं इंजिन आहे.

आता खरी गंमत. मोहदऱ्याच्या रामराव पाटलाचं विहिरीवरचं तेलाचं इंजिन अडून बसलं होतं. मिस्त्रीला बोलावणं आलं. इथून अडीच-तीन कोस. म्हटलं, फटफटीवर उंबरठा ओलांडल्यासारखं जाऊन येऊ. गेलो आणि ताई, घरापासून इतक्या जवळ मी असा चुकलो की जिनिंगची चिमणी मला दोनदा उजवीकडे दिसली आणि एकदा डावीकडे.

मोहदऱ्याच्या वेशीत चार-पाच जण बसले होते. कोण, कुठले, विचारलं. मी गाडीवर बसल्या बसल्याच छाती काढून सांगितलं, धर्मपाल, बौद्ध, दिग्रसच्या जिनिंगचा मिस्त्री. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या अगत्यानं मला मागे वळवलं. एक म्हातारा म्हणाला, "गावातून नको जाऊ, बापू. तुह्या गाडीले तरास होईन. मांगं फिर, नाल्याकून पांदन धर." बघ, लोकांना यंत्राची केवढी काळजी आहे.

आणि ती पांदण! दोन्हीकडून बोरी-बाभळींचं कुंपण, मधून गाडीपुरती वाट, आणि सरळ म्हणून कुठे नाहीच. नाल्याला वळसा, मग टेकडीच्या कुशीत वळण, ते संपतं न संपतं तोच उलट्या बाजूला दुसरं. गाडी आडवी होते, आपण तिच्याबरोबर आडवे होतो, पुन्हा दोघं उभे. एका फाट्यावर चुकलो, वर एका तांड्याजवळ निघालो, तिथे मोतीबाई नावाच्या म्हातारीनं पाणी पाजून पुन्हा खाली लावून दिलं. पुन्हा चुकलो. दुसऱ्यांदा मुद्दाम चुकलो. मी एवढा हसत होतो की तोंडात धूळ गेली.

इंजिन दुरुस्त झालं. रामरावांना मी पांदणीचं कौतुक सांगितलं तर तेही पोट धरून हसले. मोठा मोकळा माणूस आहे. भाऊजींना जयभीम.

तुझा
धर्मपाल

*

मारेगाव,
२२ नोव्हेंबर १९५९

चि. धर्मपाल यास आशीर्वाद. (हातपाय शाबूत असतील तर.)

तुझं पत्र वर्गात मुलं पाढे म्हणत असताना वाचलं आणि माझा तोल गेला. जो माणूस यवतमाळच्या वसतिगृहातून स्टेशनावर जाताना वाट चुकला तो आता चुकण्याला गंमत म्हणून मिरवतो आहे, ही प्रगती म्हणायची. तीन कोसांत हरवायला अंगात कला लागते. तुझे भाऊजी म्हणतात, त्याला मारेगावला बोलाव, तो आपोआप सगळा जिल्हा पाहून येईल.

मायपासून फटफटी लपवू नकोस. ती पाण्याच्या इंजिनाला रोज हळदकुंकू लावते की काय ते बघ. धर्म बदलला तरी तिचा हात अजून थांबत नाही. तिला मागे बसव, म्हणजे तुझा वेग आपोआप कमी होईल.

तू स्वतःच्या पायानं मोहदऱ्याला गेलास, हे मात्र बरं झालं. तिथलंच एक स्थळ मी तुझ्यासाठी मनात धरून आहे. बळीरामबुवा म्हणून आहेत, याच रामराव पाटलाकडे सालानं राबतात. तीन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षेला आपल्याबरोबर होते, तुला आठवत नसेल, तू तेव्हाही कुठेतरी हरवला होतास. त्यांची शेवंता चौथी पास आहे आणि तिला उलट उत्तर देता येतं असं ऐकते. तुला तेच पाहिजे. नुसतं हो म्हणणारी मिळाली तर तू तिला बोरीच्या काट्यांत घालशील.

मायला घेऊन जा आणि मुलगी पाहून ये. तिच्यापुढे वळणांवर व्याख्यान देऊ नकोस.

मलाही एक बातमी आहे. चैत्राच्या सुमारास तू मामा होशील. फटफटीचा आवाज ऐकूनच ते बाहेर यायचं, म्हणून इकडे येताना एस.टी.नं ये.

प्रभाताई

*

दिग्रस,
२० डिसेंबर १९५९

ताईस जयभीम.

मामा होणार हे वाचून मी जिनिंगमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मुलगी पाहिली. पसंत आहे. मी तिला पसंत आहे की नाही हे अजून नीट कळलेलं नाही.

मायला मागे बसवून नेलं. निघताना ती जिवाच्या आकांतानं माझी पाठ धरून होती आणि बडबड करत होती. मोहदऱ्याच्या वेशीत आम्हाला पुन्हा त्याच अगत्यानं पांदणीकडे वळवलं. मला तर हेच हवं होतं. पण पांदणीत शिरलो आणि माय एकदम गप्प झाली. एवढ्या सुंदर वळणांवर चकार शब्द नाही. भ्याली असेल.

बळीरामबुवा भला माणूस, पण आमच्यासमोर बसायलाही भितात. मी त्यांना बोलतं करावं म्हणून पांदणीचा विषय काढला. (हो, दिलं व्याख्यान.) शेवंता आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "त्या पांदनीनं मी रोजच येते. डोक्यावर भारा असला का मजा नाही येत." माय हसली. मी पाण्याचा गडवा तोंडाला लावला. तेव्हाच ठरवलं की हिच्याशीच.

दर रविवारी कुठल्या ना कुठल्या विहिरीवर बोलावणं असतं, आणि आता माझा एक शोध पक्का झाला आहे. मोठ्या रस्त्यावर काही नाही. खरी वळणं गावांच्या मागून आहेत. परवा सावरखेड्यात वाट विचारली, नाव सांगितलं, त्यांनी टेकडीमागून लावलं. तिथे तर एक वळण असं आहे की स्वतःचाच मागचा दिवा दिसावा. त्याच्या आधी काळीदौलतच्या अलीकडच्या एका गावात तेच. गावातून दहा हात रस्ता समोर दिसत होता, पण म्हणाले, नको, नाल्यावरून जा. नाला काय होता! मी मनाशी नकाशाच काढत चाललो आहे. वर्षभरात या तालुक्यातली एकूण एक वाकडी वाट मला पाठ होईल.

रामरावांनी पुन्हा बोलावलं होतं. पांदण कशी वाटते विचारत होते. म्हटलं, मालक, गावातला रस्ता तुम्हालाच लखलाभ, मला पांदणच द्या. ते किती तरी वेळ हसत होते.

लग्न मार्चमध्ये धरू या. जिनिंगचा हंगाम तोवर उतरतो.

धर्मपाल

*

मारेगाव,
३ जानेवारी १९६०

चि. धर्मपाल,

मुलगी पसंत पडली, आनंद झाला. तिनं तुला एका वाक्यात गप्प केलं, त्याहून आनंद झाला.

आता तुझ्या शोधाबद्दल. तुझी दोन्ही पत्रं मी पुढ्यात घेऊन बसले आणि वर्गातल्या मुलांची उत्तरं तपासते तशी तपासली. मोहदरा: नाव सांगितलं, मग मागे वळवलं. सावरखेडा: नाव सांगितलं, मग टेकडीमागून लावलं. तिसरं गाव: तिथेही तेच, रस्ता समोर दिसतोय, तरी नाल्यात घातलं. अरे मिस्त्री, प्रत्येक ठिकाणी आधी नाव आहे आणि नंतर वळण आहे. तू एकदाही चुकला नाहीस. तुला व्यवस्थित पोचवलं आहे, जिकडे पोचवायचं तिकडेच.

"लोकांना यंत्राची केवढी काळजी आहे" हे वाक्य मी तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. मी हसले, आणि मग मला माझाच राग आला.

त्या पांदणी कशासाठी आहेत हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू सातव्या वर्षी वसतिगृहात गेलास आणि बाबा लवकर गेले. बाबा याच गावांमधून मयतीचे सांगावे घेऊन जायचे. कोणाच्या घरचं मरण असो, सांगायला आपणच, आणि जायचं मात्र गावाबाहेरून. भर उन्हात तुझ्या त्या सुंदर वळणांवरून माणूस पायी जायचा. कधी कधी मागून माय भाकर घेऊन जायची. म्हणून ती गप्प होती. भ्याली नव्हती. तिला रस्ता ओळखू आला.

तू छाती काढून नवं नाव सांगतोस. सांग, जरूर सांग. पण ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ काय लावला तेही बघ. त्यांनी तुला फटफटीसकट जुन्या वाटेला लावलं, आणि तू आभार मानून आलास. रामराव कशाला हसत होता हे अजून सांगायला हवं का?

मला वळणांचा राग नाही. तुझ्या भाबडेपणाचा आहे, आणि तो खरा आहे की सोयीचा आहे हे मला कळत नाही म्हणून जास्त आहे.

प्रभाताई

*

दिग्रस,
७ फेब्रुवारी १९६०

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडून टाकणार होतो. मग वाटलं, मास्तरीण प्रत मागेल. महिनाभर उत्तर लिहिलं नाही, त्याचं कारण राग होता. शेवटी म्हटलं, मास्तरणीला खोटं पाडायचं तर एकदा करूनच बघू.

मागच्या रविवारी महागावच्या बाजूला गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही. डोळ्यावर धुळीचा चष्मा, डोक्यावर टोपी. एका गावाच्या वेशीत थांबलो. कोण म्हणून विचारलं तर सांगितलं, पुसदच्या किसनराव देशमुखांचा भाचा. असा कुणी किसनराव आहे की नाही मला ठाऊक नाही. मी मुद्दाम म्हटलं, गावामागून पांदणीनं जाऊ का? त्यातला एक जण चक्क दुखावला. "असे आडून कायले जाता भाऊसाहेब? सरळ गावातूनच जा नं. अन् चहा घेतल्याबिगर जाऊ नका." रस्ता सरळ होता, रुंद होता, शेणानं सारवल्यासारखा साफ होता. गाडीला कसलाही त्रास झाला नाही. चहाही घेतला. बशीत फुंकर मारून, दोन कप. घशाखाली उतरू नये असं फार वाटलं, पण तो मुकाट उतरला.

तेव्हा तू जिंकलीस. भाबडेपणा खरा की सोयीचा, हे मलाही सांगता येत नाही. कुठेतरी कळत होतं. पण गाडी इतकी छान वळायची की कळण्याकडे लक्ष द्यावंसं वाटलं नाही. ती मजा खोटी नव्हती ताई. तेवढं मात्र मी मागे घेणार नाही.

आता पुढचं ऐक. लग्न २७ मार्चला ठरवलं. रविवार आहे, जिनिंगला सुट्टी, माझ्याबरोबरची सगळी माणसं येऊ शकतात. त्या दिवशी अवस आहे, म्हणून मोहदऱ्यात आधीच आमच्या नावानं चर्चा आहे. आपल्याला मुहूर्त नाही, हे त्यांना कोण सांगणार. पण खरी अडचण दुसरी आहे. मोहदऱ्यातल्या आपल्या वस्तीला जायला रस्ते दोन. एक वेशीतून, मारोतीच्या पारावरून, रामरावाच्या वाड्यासमोरून सरळ. दुसरी पांदण. आजवर आपली एकही वरात पहिल्या रस्त्यानं गेलेली नाही.

रामरावानं बळीरामबुवांना बोलावून घेतलं. दम दिला नाही, आवाजही चढवला नाही. हसत हसत म्हणाला, "तुह्या जवायाले पांदनच आवडते. मले दोनदा सांगून गेला. त्याच्या आवडीच्याच वाटेनं आन त्याले. अन् पाडव्याले नवं साल धरायचं हाय आपल्याले, ध्यानात ठेव." बुवा माझ्याकडे दिग्रसला चालत आले. माझे हात धरून म्हणाले की पांदणीनंच या. शेवंता काय म्हणते विचारलं तर खाली बघत म्हणाले, ती म्हणते, पांदणीनं आला तर त्याला म्हणा तसाच परत जा.

माझ्याच तोंडचं वाक्य त्यानं माझ्याच गळ्यात बांधलं. आता तूच सांग.

धर्मपाल

*

मारेगाव,
१९ फेब्रुवारी १९६०

चि. धर्मपाल,

सांगू काय? इथे पोट पुढे आणि मी मागे, अशी माझी वरात रोज शाळेत जाते. लग्नाला मला येता येणार नाही. सुईण म्हणाली, एस.टी.त बसलीस तर आर्णीच्या आधीच मोकळी होशील. म्हणून दुरून सल्ला देणं सोपं आहे, आणि सोपा सल्ला मी देणार नाही.

पांदणीनं गेलास तर बुवांचं साल टिकेल. एक माणूस वर्षभर पोटभर जेवेल. ही लहान गोष्ट नाही आणि तिला नाक मुरडणारं पत्र मी मारेगावात बसून लिहिणार नाही. वेशीतून गेलास तर मार खाण्याची शक्यता आहे, बुवांचं काम जाण्याची तर खात्रीच. आणि एक तिसरंही आहे, तुझ्या स्वभावातलं. वेशीतून शिरशील, गाडीचा कान पिळशील आणि डोळे मिटून धुरळा उडवत पाराच्या पलीकडे निघशील. मग जन्मभर सांगत फिरशील की मी गेलो. असं जाण्यात गेल्याचं नाव तेवढं होतं. बघणाऱ्यांनाही बरं, तुलाही बरं.

शेवंतानं मात्र मला जिंकलं. परत जा म्हणणारी नवरी तुला या जिल्ह्यात दुसरी मिळायची नाही. तिला तुला परत पाठवावं लागू नये एवढं बघ.

बुवांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. पण त्यांची भीती वेगळी आणि त्यांची इच्छा वेगळी, हेही ध्यानात ठेव. जन्मभर भ्यालेल्या माणसाला आपली इच्छा काय हे कधी कुणी विचारलेलं नसतं.

झाल्यावर लगेच लिही. मी दाराशी पोस्टमनची वाट बघत बसेन, आणि तो आला की लांबूनच रागावेन.

प्रभाताई

*

दिग्रस,
३ एप्रिल १९६०

ताईस जयभीम.

लग्न झालं. हातपाय शाबूत आहेत. शेवंता शेजारी बसून हे वाचते आहे आणि मी काय काय खोटं लिहितो ते बघणार आहे.

बुवांना आधी विचारलं. ते म्हणाले, मले काई नोका विचारू, तुमाले जसं दिसन तसं करा, मी वस्तीत उभा राहीन. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. जिनिंगची तीसेक माणसं आली, आपली होती तशी इतरही होती. आमचा फोरमन खेमसिंग स्वतःच्या तांड्याची डफडी घेऊन आला. त्याला पाराबिराची काही पडलेली नव्हती, त्याला वाजवायला जागा पाहिजे होती.

वेशीत ते चार-पाच जण होतेच. म्हातारा उठला आणि हातानं पांदण दाखवायला लागला. मी मान हलवली आणि गाडी आत घातली. मंडळी मागून येत होती. मी थोडा पुढे निघालो. आणि पाराच्या बरोबर समोर गाडी बंद पडली.

ताई, काय सांगू. पारावर अख्खं गाव. मी किक मारतोय, नवीन पांढरं धोतर खोगिरात अडकतंय, टोपी एकदा खाली पडली. एवढ्यात रामराव वाड्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काहून मिस्त्री, सांगितलं नोतं का गाडीले तरास होईन म्हनून?" पारावरचे हसले. माझे पाय लटपटत होते, हे शेवंताला मी आत्ता सांगतो आहे.

समोर रस्त्याच्या टोकाला आपली वस्ती, तिथे बुवा उभे. ते तिथूनच बघत होते. आधी डोक्याला हात लावला. मग एकदम निघाले. धावतच आले, पाराकडे न बघता, रामरावाकडे न बघता, आणि गाडीच्या मागच्या दांडीला दोन्ही हात लावले. मला म्हणाले, "बसा तुमी. नवरदेवानं ढकलू नये." त्यांच्यामागून वस्तीतले पाच-सहा जण आले. मग बाया आल्या, हसत हसत, कुणी दिव्याला धरून, कुणी नुसतीच पदर खोचून. मागून जिनिंगची मंडळी पोचली. खेमसिंगनं डफडं वाजवायला घेतलं. आणि मी गाडीवर बसलेला, मला सगळी वस्ती ढकलते आहे, अशी वरात त्या रस्त्यावरून निघाली. इतकी हळू की प्रत्येकाचं तोंड नीट बघून झालं. रामराव थोडा वेळ उभा होता. मग आत गेला आणि दार लावून घेतलं.

मांडवापाशी पोचलो तर शेवंता म्हणाली, फटफटीपेक्षा बंडी बरी होती. माय तेव्हापासून रडते आहे आणि हसते आहे.

धर्मपाल

*

मारेगाव,
१७ एप्रिल १९६०

चि. धर्मपाल, सौ. शेवंता,

तुमचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. सुईण म्हणते हसण्यानं झाली. मी म्हणते, फटफटीचं नाव ऐकून. नाव अजून ठेवलेलं नाही.

पत्र मी चारदा वाचलं. शेवटी झोळी हलवता हलवता डोक्यात एक गोष्ट आली आणि ती जाईना. मास्तरणीची खोड आहे. नोव्हेंबरात तू मला लिहिलंस की गाडी बंद कर म्हटल्याशिवाय बंद पडत नाही. पाच महिने नाल्यांत, टेकड्यांवर, काट्याकुट्यांत ती एकदाही अडली नाही. आणि अडली ती वेशीतल्या सरळ रस्त्यावर, आणि तीही पाराच्या बरोबर समोर. या जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरींची इंजिनं बरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं इंजिन भर गावात चालू करता आलं नाही?

मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते आहे. शेवंताला पत्र वाचू द्यायचं की नाही हे तू ठरव.

बुवांचं कसं आहे? पाडवा होऊन गेला.

प्रभाताई

*

दिग्रस,
८ मे १९६०

ताईस जयभीम.

भाचीला मामाचा आशीर्वाद. तिला पहिल्यांदा फिरवायला मी येणार आहे, एस.टी.नं. परवा इथे नव्या राज्याचे पेढे वाटले. राज्य नवीन झालं, मोहदऱ्याची वेस आहे तिथेच आहे.

बुवांचं साल मोडलं. पाडव्याच्या सकाळी रामरावानं निरोप पाठवला की यंदा माणूस नको. दारातसुद्धा बोलावलं नाही. नंतर आसपासच्या कुणीच ठेवून घेतलं नाही. पंधरा दिवस ते घरात बसून होते, मग मी त्यांना दिग्रसला आणलं. आता ते जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलतात. या वयात ते काम भारी आहे, संध्याकाळी पाठ धरून बसतात. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. शेवंता शेजारच्या बायांबरोबर नदीवर गेली आहे, म्हणून लिहितो.

हो. पेट्रोलचा कॉक मीच बंद केला. वेशीत शिरता शिरता. कॉक बंद केल्यावर गाडी किती दूर जाते हे मला नक्की ठाऊक आहे. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, धुरळा उडवत निघून जाशील असं तू लिहिलं होतंस, आणि वेशीत आल्यावर मला तेच करावंसं वाटलं. फार वाटलं. हात आधीच कान पिळायला गेला होता. मग समोर टोकाला बुवा दिसले, त्यांच्यामागे सगळी माणसं, त्यांच्या उंबरठ्याच्या आत. गाडी चालू राहिली असती तर त्या रस्त्यानं मी एकटा गेलो असतो. ती बंद पडल्यावर ढकलायला माणसं लागणार होती. येतील की नाही ते मला माहीत नव्हतं. किक मारत होतो तेव्हा माझे पाय लटपटत होते ते रामरावाला भिऊन नाही. कुणीच आलं नाही तर, म्हणून.

हे कुणाला सांगू नकोस, बुवांना तर मुळीच नाही. ते जिनिंगमध्ये पोत्यावर बसून येईल त्याला ती गोष्ट सांगतात. कसे धावले, दांडी कशी धरली, सगळ्या वस्तीला त्या रस्त्यावरून कसं नेलं. सांगताना त्यांची पाठ ताठ होते. आणि शेवटी हसून म्हणतात, "जवाई मानूस लय चांगला हाय, पन मिस्त्री म्हनून कच्चा. आयन वखताले त्याची गाडी बंद पडते." त्यामुळे दोन ठिकाणची विहिरीची कामं माझ्या हातून गेली. जाऊ देत.

तुझा
धर्मपाल